गंजाची वीज आणि गावचा हातपंप

हातपंप सुरू असूनही गाव त्याचे पाणी पीत नाही, अशी अवस्था काही ठिकाणी आढळते. पाण्यास तांबूस रंग येतो, लोखंडाची चव लागते, शिजवलेला भात काळपट पडतो. मग स्त्रिया पुन्हा नाल्यातील झऱ्याकडे वळतात आणि त्याबरोबर हगवण, कावीळ यांसारखे रोगही घरात परततात. कागदोपत्री मात्र योजना यशस्वीच असते. या अपयशाच्या मुळाशी पुष्कळदा असतो तो गंज. आणि गंज ही केवळ जुनेपणाची खूण नसून ती एक विद्युत्-रासायनिक क्रिया आहे. ती समजून घेतल्यास तिला आवरही घालता येतो.

दोन धातू आणि खारे पाणी

इटलीतील शास्त्रज्ञ व्होल्टा यांनी १८०० साली जस्त आणि चांदी यांच्या चकत्यांच्या जोड्या रचून त्यांच्यामध्ये मिठाच्या पाण्यात भिजविलेले पुठ्ठे ठेवले आणि अखंड वाहणारा विद्युत्‌प्रवाह मिळविला. विद्युत्‌घटाचा हा आरंभ होय. घटास तीन गोष्टी लागतात : इलेक्ट्रॉन देणारी जागा, इलेक्ट्रॉन स्वीकारणारी जागा आणि या दोहोंना जोडणारे क्षारयुक्त पाणी. देणाऱ्या जागेस धनाग्र म्हणतात. तेथे धातू झिजतो. स्वीकारणाऱ्या जागेस ऋणाग्र म्हणतात.

ओल्या लोखंडावर असे असंख्य सूक्ष्म घट आपोआप तयार होतात. एका ठिकाणी लोखंडाचे अणू इलेक्ट्रॉन सोडून पाण्यात उतरतात. ते इलेक्ट्रॉन धातूतून दुसऱ्या ठिकाणी जातात आणि तेथे पाण्यात विरघळलेला प्राणवायू त्यांचा स्वीकार करतो. यातून पुढे तांबूस, भुसभुशीत गंज बनतो. तो सच्छिद्र असल्याने आतील लोखंडाचे रक्षण करीत नाही. पाण्यात मीठ असल्यास विद्युत्‌प्रवाह सुलभ होतो. म्हणूनच कोकणच्या किनाऱ्यावर खिडक्यांचे गज लवकर खातात.

जस्ताचा त्याग

प्रत्येक धातूची इलेक्ट्रॉन सोडण्याची प्रवृत्ती वेगळी असते. ती व्होल्टमध्ये मोजतात. प्रमाण स्थितीत जस्ताचे विभव उणे ०.७६, लोखंडाचे उणे ०.४४, कथिलाचे उणे ०.१४ आणि तांब्याचे अधिक ०.३४ व्होल्ट असते. दोन धातू एकमेकांस चिकटून ओलाव्यात राहिले, की साधारणतः ज्याचे विभव कमी तो झिजतो आणि दुसरा वाचतो.

लोखंड वितळलेल्या जस्तात बुडवून त्यावर जस्ताचा थर चढवितात, तो याच कारणासाठी. जस्ती बादलीवर ओरखडा पडला तरी उघडे लोखंड काही काळ सुरक्षित राहते. कारण शेजारचे जस्त स्वतः झिजून त्याचे रक्षण करते. कथिलाचा थर असलेल्या डब्याचे नेमके उलट होते. तेथे ओरखडा पडताच लोखंडच अधिक वेगाने गंजते.

हातपंपाचा नळ

हातपंपाच्या सुधारणेत महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. जालना आणि सोलापूर येथे सुधारित पंप तयार झाले आणि सोलापूर पंपाच्या आधारे १९७० च्या दशकात ‘इंडिया मार्क-२’ हा पंप साकारला. त्यात पाणी वर आणणारे नळ सामान्यतः जस्तलेपित लोखंडाचे असतात. परंतु भूजल आम्लधर्मी, म्हणजे सामू ६.५ हून कमी असेल, तर जस्ताचा थर लवकर संपतो आणि मग लोखंडाची पाळी येते.

पाण्यातील लोह नळाचे की जमिनीतील, हे ओळखण्याची एक सोपी खूण आहे. सकाळचे पहिले पाणी तांबूस आणि बराच वेळ उपसल्यावर ते स्वच्छ होत असेल, तर संशय नळावर घ्यावा. उपसूनही पाणी तसेच राहिल्यास लोह बहुधा भूजलातच असते. खात्री मात्र प्रयोगशाळेतील तपासणीनेच करावी. दोष नळाचा ठरल्यास पुन्हा तसेच जस्ती नळ बसविणे म्हणजे खर्च वाया घालविणे होय. अशा ठिकाणी न गंजणाऱ्या पोलादाचे किंवा योग्य प्रतीच्या प्लॅस्टिकचे नळ वापरणे इष्ट. नळयोजनेतही जस्ती नळास तांब्याचा नळ थेट जोडू नये. तसे केल्यास आपल्याच हातांनी विद्युत्‌घट उभारल्यासारखे होते.

शाळेतील प्रयोग

हे तत्त्व शिक्षकांना अल्प खर्चात दाखविता येईल. तीन पेल्यांत मिठाचे पाणी घेऊन प्रत्येकात एक स्वच्छ लोखंडी खिळा ठेवावा. पहिला खिळा तसाच ठेवावा, दुसऱ्यास तांब्याची उघडी तार गुंडाळावी, तिसऱ्यास जस्ताची पट्टी घट्ट बांधावी. काही दिवसांत दुसरा खिळा सर्वांत जास्त गंजलेला दिसेल. तिसरा बहुतांशी स्वच्छ राहील आणि जस्तावर पांढरी भुकटी जमेल.

नवीन हातपंप मंजूर करताना विहिरीची खोली व पाण्याचे प्रमाण यांची नोंद आवर्जून होते. त्याच कागदावर पाण्याच्या सामूचा आकडाही असावा, असा आग्रह ग्रामपंचायत सदस्यांनी धरावा. ही तपासणी अल्प खर्चाची आहे. पण गाव हातपंपाचे पाणी पिणार की नाल्याचे, हे पुष्कळदा तिच्यावरच ठरते.