पन्ह्याचा हिशेब

हिवाळ्यातील लोकरीविषयी लिहावे, अशी संपादकांची सूचना होती. आणि ज्या नागपूरचा उन्हाळाच तेवढा सर्वतोमुखी आहे, तेथे २९ डिसेंबर २०१८ रोजी पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता हे ध्यानी घेता ती अस्थानी म्हणता येणार नाही. येथील वस्त्रविद्येचा दप्तरी इतिहास सुताचा आहे: कोष्ट्यांचे हातमाग आणि जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ रोजी सुरू केलेली एम्प्रेस मिल. लोकर लुधियान्याहून येते, आणि थंडीत तिबेटी विक्रेते तयार स्वेटर मांडून बसतात. एवढ्यावर वृत्तांत आटोपला असता. परंतु धरमपेठेतील एका वृद्ध बाईंच्या सुयांवर चढलेले अर्धे कार्डिगन पाहिले आणि मन तेथेच गुंतले.

लोकर शेडेड होती. निळा, हिरवा, राखी, किरमिजी हे रंग गिरणीतच एका धाग्यावर ठराविक लांबीने चढवलेले असतात, आणि विणणारीने केवळ विणत जावे, पट्टे आपसूक उमटतील, अशी त्यामागची कल्पना असते. मफलरीत ती यथार्थ ठरते, कारण मफलरीचा पन्हा आरंभापासून अखेरपर्यंत एकच. मागावरच्या साडीचेही तसेच. कार्डिगनला मात्र एक पन्हा नसतो. एक ओळ सुलट, एक उलट अशा साध्या विणीत ओळीच्या रुंदीच्या सुमारे तिप्पट धागा लागतो. म्हणजे पन्नास सेंटिमीटरच्या पाठीला एका ओळीस दीड मीटर, आणि निळा रंग सहा मीटर असेल तर त्याच्या चार ओळी. पुढचा प्रत्येक भाग पाठीच्या निम्मा, म्हणून तेथे त्याच निळ्याच्या आठ. आणि मनगटाशी, जेथे बाही वीस सेंटिमीटर रुंद असते, दहा. अवयव वेगवेगळे विणून जोडले, तर पाठीवरचा पट्टा कुशीच्या शिवणीपाशी येऊन दुप्पट रुंद होतो आणि कोणताही रंग कोणत्याही रंगाला भेटत नाही. पाटणचा पटोळा विणणारे वस्त्राचा पन्हा आधी ठरवून मगच धागा बांधतात व रंगवतात; येथे रंग आधी आणि अंग नंतर, व या दोहोंचा समेट घडवणे हे सर्वस्वी विणणारीचे काम. या कामाला मी कारागिरी म्हणतो, आणि ती मागावरच्या कारागिरीहून तिळमात्र उणी मानत नाही.

बाईंची तजवीज अशी, की पाठ व पुढचे दोन्ही भाग मुंढ्यापर्यंत एकाच लांब सुईवर अखंड विणायचे. पट्टे दोनच ओळींचे, बारीक पडतात. पण एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सलग फिरतात. मुंढ्यापाशी तीन भाग पृथक् झाले की पट्टे पुन्हा फुगू लागतात. तेव्हा एक गुंडा निळ्यापासून, दुसरा किरमिजीपासून असे दोन गुंडे घेऊन दर दोन ओळींनी ते आलटूनपालटून विणायचे, म्हणजे रुंद पट्टा मधूनच छेदला जातो. बाह्यांनाही हीच युक्ती.

येथवर सारे सुरळीत. अडचणींचा खरा पाढा पुढे आहे. वेष्टनावर वजन असते, सुईचा क्रमांक असतो. रंगाची लांबी नसते. ती बाई हातांनी मोजतात, आणि मोजण्यासाठी अख्खा गुंडा उलगडतात. मध्येच गिरणीची गाठ निघते आणि गाठीपुढे हिरव्याऐवजी किरमिजी येतो. मग योग्य रंग हाती लागेपर्यंत लोकर सोडत जायचे. ही तूट भरून काढण्यास एक गुंडा प्रारंभीच अधिक घ्यावा लागतो, कारण त्याच लॉटची लोकर पुढे मिळेल याची हमी कोणी देत नाही. टाके घटवताना चुकले आणि उसवावे लागले, तर दोन्ही गुंडे परस्परांत गुरफटतात. हे सर्व बाईंनी कोठे लिहून ठेवलेले नाही, आणि बाईंकडून ते शिकायला सध्या कोणी येत नाही, याची मला मनापासून चिंता वाटते.

शेवटी बटणपट्टी. तिचे टाके पुढच्या काठावरून उचलायचे असल्याने शेडेड लोकरीचे पट्टे तेथे उभे पडतील. म्हणून ती एकरंगी हवी, आणि धाग्यातल्या राखीशी तंतोतंत जुळणारी साधी लोकर सीताबर्डीवर मिळालेली नाही. निळी मिळते, पण निळ्या पट्टीने आडवे निळे पट्टे मारले जातील, असे बाईंचे म्हणणे आहे.