बोटीची जुनी मोटर : दुरुस्ती करावी की निरोप द्यावा?

सातपुड्यातील छिंदवाडा भागात उगम पावणारी कन्हान नदी उन्हाळ्यात रेतीच्या पात्रातून संथपणे वाहते. कामठीजवळ पेंच व कोलार तिला मिळतात आणि पुढे ती वैनगंगेला जाऊन मिळते. मात्र मध्य प्रदेशात अतिवृष्टी होऊन पेंचवरील धरणांचे दरवाजे उघडले गेले, की हेच पात्र काही तासांत रौद्र रूप धारण करते. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस नागपूर, भंडारा, चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतील नदीकाठच्या गावांनी हा अनुभव घेतला. अशा वेळी पाण्याने वेढलेल्यांना बाहेर काढण्यासाठी बोट हाच आधार असतो आणि बोटीची सारी भिस्त तिच्या मागच्या फळीवर बसवलेल्या मोटरीवर असते. बचाव पथके तिला 'ओबीएम' म्हणजे आउटबोर्ड मोटर म्हणून ओळखतात. ती जुनी झाल्यावर दुरुस्त करावी की बदलावी, हा प्रश्न त्यामुळे केवळ पैशांच्या हिशेबाचा राहत नाही.

वय नव्हे, प्रकृती पाहा

मोटरीचे वय वर्षांवरून ठरवणे फसवे असते. गोड्या पाण्यात चालणारी मोटर समुद्रातील मोटरीच्या तुलनेत कमी गंजते. परंतु नदीच्या पुरात रेती आणि गाळ असतो. मोटरीला थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या पंपातील रबरी चक्री, म्हणजे इंपेलर, त्यामुळे झिजते. शिवाय बचाव कार्यातील मोटर वर्षातील बहुतेक महिने बंदच असते. टाकीत राहिलेले पेट्रोल खराब होऊन कार्ब्युरेटरमध्ये चिकट थर साचतो. फेब्रुवारी २०२३ पासून देशात २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल येऊ लागले. इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते, तसेच जुन्या मोटरीतील रबरी नळ्या व सील त्यामुळे लवकर निकामी होऊ शकतात.

तीन सोप्या चाचण्या

निर्णयापूर्वी मोटरीची तपासणी करून घ्यावी. पहिली चाचणी कॉम्प्रेशनची. सर्व स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमधील दाब मापकाने मोजला जातो. सर्व सिलिंडरचे आकडे जवळपास सारखे असतील, तर इंजिनाचा गाभा शाबूत असल्याचे ते चिन्ह आहे. एखाद्या सिलिंडरचा दाब इतरांपेक्षा १५ टक्क्यांहून अधिक कमी भरला, तर पिस्टन, रिंग किंवा हेड गॅस्केटमध्ये दोष असण्याची शक्यता असते.

दुसरी चाचणी गिअर ऑइलची. खालच्या भागातील तेल काढून पाहावे. ते दुधासारखे पांढुरके झाले असेल, तर सीलमधून पाणी शिरले आहे. सील बदलणे फारसे महागाचे नाही. मात्र तेलात धातूचे कण दिसले, तर गिअर झिजल्याचे समजावे. ते काम खर्चिक असते.

तिसरी चाचणी पाण्याच्या धारेची. मोटरीचा खालचा भाग पाण्याने भरलेल्या पिंपात बुडवून ती सुरू केल्यास मागील छिद्रातून सलग धार पडली पाहिजे. धार क्षीण असेल, तर बहुधा इंपेलर बदलावा लागतो किंवा मार्ग साफ करावा लागतो. पाण्याविना मोटर कधीही चालवू नये. इंपेलर अल्पावधीत जळतो.

हिशेब कसा मांडावा?

इंपेलर, प्लग, कार्ब्युरेटरची सफाई, इंधनाच्या नळ्या आणि सील ही बाहेरची कामे. गाभा चांगला असेल, तर त्यांवरील खर्च सार्थकी लागतो. क्रँकशाफ्ट, पिस्टन आणि गिअर यांची दुरुस्ती एकत्र निघाली, तर खर्च नव्या मोटरीच्या निम्म्या किमतीपलीकडे जातो का, हे पाहावे. तसे होत असल्यास नवी मोटर घेणे शहाणपणाचे, असा सर्वसाधारण ठोकताळा आहे.

सुटे भाग मिळतात का, हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा. १९०९ पासून ओळखल्या जाणाऱ्या 'इव्हिनरूड' या अमेरिकी मोटरीचे उत्पादन २०२० मध्ये थांबवण्यात आले. बाजारातून गेलेल्या मॉडेलचे भाग आज मिळाले, तरी काही वर्षांनी मिळतीलच याची शाश्वती नसते.

नव्या मोटरीचेही काही पथ्य आहे. चार-स्ट्रोक मोटर इंधन कमी घेते आणि धूरही कमी सोडते. पण तितक्याच शक्तीच्या दोन-स्ट्रोक मोटरीपेक्षा ती साधारणपणे जड असते. बोटीची मागची फळी तिचे वजन पेलेल का आणि पथकाला ती काठावरून पाण्यापर्यंत उचलून नेता येईल का, हे आधीच तपासावे लागते.

खरी कसोटी

तलावात सहलीची बोट बंद पडली, तर वल्ही मारून काठ गाठता येतो. पुराच्या प्रवाहात मोटर बंद पडली, की बोट पुलाच्या खांबांवर किंवा बुडालेल्या झाडांवर आदळू शकते. म्हणून मासेमारीच्या डोंग्यासाठी जी दुरुस्ती पुरेशी ठरते, ती बचाव बोटीसाठी पुरेशी ठरेलच असे नाही. डागडुजी करून चालू झालेली, पण भरवसा न उरलेली मोटर सरावासाठी वापरावी. पुरात नेऊ नये.

हा निर्णय घेण्याची वेळ हिवाळ्यातच असते. तेव्हा तपासणी झाली, तर सुटे भाग मागवण्यास, खरेदीची मंजुरी घेण्यास आणि नदीत चाचणी करण्यास अवधी मिळतो. जून उजाडल्यावर बिघाड लक्षात आला, तर घाईची डागडुजी एवढाच मार्ग उरतो आणि तिची परीक्षा थेट पुराच्या पाण्यात होते.