पाळी जाण्याचे वय : अंगातली आग आणि मनातली घालमेल



वर्षावासातली संध्याकाळ. विहारात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ ग्रंथाचे वाचन चाललेले असते. बाहेर पाऊस, हवेत गारठा, पोरे आईच्या पदरात शिरून बसलेली. अशात मधल्या रांगेतली एखादी ताई पदराने वारा घेत उठते आणि दाराशी जाऊन उभी राहते. कपाळ आणि मान घामाने भिजलेली. विचारले तर म्हणते, “काय नाय, जरा वाफ आली आंगातून.” महाड-पोलादपूरच्या बौद्धवाड्यांत आम्ही आरोग्याच्या बैठका घेतो, तिथे हे चित्र नेहमीचे आहे. त्या ताईला वाटत असते की हे आपल्या एकटीलाच होते. खरे तर त्याच सतरंजीवर बसलेल्या आणखी चारपाच जणींना तेच होत असते, फक्त कोणी कोणाला सांगत नाही.

पाळी साधारण 45 ते 50 या वयात थांबते. आपल्या देशात बहुतेक जणींची 46-47 च्या आसपास जाते. ती एका दिवसात बंद होत नाही. आधी दोनतीन वर्षे, कधी त्याहून जास्त काळ, ती मागेपुढे होते. एखादा महिना चुकतो, एखाद्या महिन्यात फार जाते. सलग बारा महिने पाळी आली नाही म्हणजे ती गेली असे समजायचे. तोपर्यंत दिवस राहू शकतात, हे विसरू नका. “आता कसलं काय” म्हणून बेफिकीर राहिलेल्या आणि मग लेकीच्या बाळंतपणाच्या वर्षीच स्वतः अडचणीत आलेल्या बाया आम्ही पाहिल्या आहेत. चाळिशीच्या आत पाळी गेली तर मात्र डॉक्टरांना दाखवायलाच हवे.

हे होते कशाने? गर्भपिशवीच्या दोन बाजूंना दोन बीजकोष असतात. तिथून इस्ट्रोजेन नावाचा रस रक्तात मिसळतो. पाळी तर त्याच्यावर चालतेच, शिवाय हाडे, कातडी, झोप, मन आणि अंगाची ऊब यांच्यावरही त्याचा हात असतो. वय झाले की हा रस आधी कमीजास्त होतो आणि मग अगदी कमी होतो. अंगाची ऊब सांभाळणारा मेंदूतला भाग त्यामुळे गोंधळतो, म्हणून एकदम आग उठते, घाम फुटतो आणि थोड्या वेळाने थंडी वाजते. रात्री असे तीनचार वेळा झाले की झोप मोडते. झोप मोडली की दिवसभर चिडचिड होते, विसरायला होते, उगाच रडू येते. मग घरातले म्हणतात, “आईचा स्वभाव बदलला.” कोणी म्हणते बाहेरचे काही लागले असेल, आणि अंगारा-धुपारा सुरू होतो. बावीस प्रतिज्ञा म्हणणाऱ्या घरातही तो होतो, हे आम्ही दुःखाने लिहितो.

जोडीला लघवीला जळजळ होते, खोकताना-हसताना थेंब गळतात, अंगाच्या जागी कोरडेपणा येतो, नवऱ्याजवळ जाताना दुखते. शेवटचे तर कोणी तोंडाने बोलत नाही. जयंतीला मुंबईहून घरी आलेल्या नवऱ्याला वाटते बायको दूर पळते आहे, आणि बायकोला वाटते आपलेच काही चुकले. भांडणे होतात. हे दुखणे खरे आहे आणि त्यावर औषध आहे, लावायचे मलमही मिळते. हे पान भावांनीही वाचावे म्हणूनच इतके उघड लिहिले आहे.

महाडच्या मातीत या विषयावर बोलताना एक शब्द टाळता येत नाही : विटाळ. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेब चवदार तळ्याचे पाणी प्यायले, तर तळे बाटले म्हणून त्यात शेण-गोमूत्र ओतून ते ‘शुद्ध’ केले गेले. त्याच वर्षी 25 डिसेंबरला इथेच मनुस्मृती जाळली गेली. त्या परिषदेच्या वेळी बाबासाहेब स्त्रियांशी वेगळे बोलले. जातीची खूण सांगणारे लुगड्याचे नेसण आणि अंगावरचे जडशीळ दागिने सोडा, असे त्यांनी सांगितले आणि बायांनी ते लगेच मानले. माणसाच्या स्पर्शाचा विटाळ तिथे मोडला. पण बाईच्या रक्ताचा विटाळ आपल्या घरातून पुरता गेला का? पाळी गेलेल्या बाईला आजही कौतुकाने म्हणतात, “सुटलीस बाई, आता शुद्ध झालीस.” म्हणजे त्याआधीची तीस-पस्तीस वर्षे ती कोण होती? पाळी येणे आणि जाणे दोन्ही शरीराचे साधे काम आहे. ना तेव्हा विटाळ, ना आता शुद्धी.

आता सगळ्यात महत्त्वाचे, गर्भपिशवीबद्दल. आमच्यातल्याच एका ताईला पाळी फार जात होती. ती एका खाजगी दवाखान्यात गेली. सोनोग्राफी झाली आणि दहा मिनिटांत सांगितले गेले, “पिशवी काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल.” तिने गळ्यातले गहाण ठेवायची तयारी केली होती. बैठकीत बोलली म्हणून कळले. दुसऱ्या डॉक्टरांकडे नेले, तेव्हा लहान गाठ निघाली. गोळ्यांनी रक्त कमी झाले, लोहाच्या गोळ्यांनी थकवा गेला, आणि वर्षा-दीड वर्षाने पाळी आपोआप थांबली. पाळी गेल्यावर अशा गाठी बहुधा आक्रसतात.

हे एकटीचे नाही. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांचे प्रकरण 2019 साली गाजले. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने समिती नेमली. 82 हजारांहून अधिक बायांची पाहणी झाली, त्यांत 13 हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली निघाली. पाळीत काम बुडाले की खाड्याचे पैसे कापले जात, आणि वर कॅन्सरची भीती घातली जाई. त्या बायांत आपल्या समाजाच्या भगिनीही होत्या.

पिशवी काढावी लागतच नाही असे आम्ही म्हणत नाही. कॅन्सर असेल, मोठ्या गाठींमुळे रक्त औषधांनी थांबत नसेल, किंवा अंग फार बाहेर येत असेल, तर ऑपरेशन योग्यच. पण अंगावरून पांढरे जाते, कंबर दुखते, एवढ्यासाठी पिशवी काढायची नसते. डॉक्टरांना विचारा : आधी औषध देऊन पाहता येईल का? बीजकोष ठेवणार की काढणार? बीजकोष काढले तर पाळी जाण्याचा सगळा त्रास एका रात्रीत अंगावर येतो आणि हाडे लवकर ठिसूळ होतात. ऑपरेशनची तारीख घेण्याआधी दुसऱ्या डॉक्टरांचा सल्ला घ्या, त्यात पहिल्याचा अपमान नाही.

याच्या उलट एक गोष्ट मात्र अजिबात अंगावर काढू नका. पाळी जाऊन वर्ष झाले आणि पुन्हा रक्त दिसले, थेंबभर का होईना, तर त्याच आठवड्यात दाखवा. दर वेळी कॅन्सर असतो असे नाही, पण असला तर तो लवकर सापडणे यावर जीव अवलंबून असतो. संबंधानंतर रक्त गेले तरीही तसेच.

हाडांचे सांगतो. पाळी गेल्यावर पहिली काही वर्षे हाडांतला चुना वेगाने कमी होतो. डोंगरउतारावर भारा घेऊन उतरताना, ओल्या पायवाटेवर पाय घसरला की मनगट किंवा खुबा मोडतो. पोलादपूरच्या वरच्या वाड्यांत उन्हाळ्यात पाण्यासाठी किती चालावे लागते ते आम्ही पाहिले आहे. अंग बाहेर येण्याचा त्रास तर या डोक्यावरच्या हंड्यांनीच वाढतो. तेव्हा भरलेले हंडे पोरांनी आणि पुरुषांनीही उचलावेत.

खाण्यासाठी शहरातल्या डब्यातली पावडर नको. आपल्या वरकसातली नाचणी आहे. 100 ग्रॅम नाचणीत सुमारे 340 मिलिग्रॅम चुना असतो, तांदळात अगदी थोडा. रेशनचा तांदूळ आला आणि भाकरी मागे पडली, ती पुन्हा रोज एकदा तरी तव्यावर येऊ द्या. काट्यासकट खायची बारीक सुकी मासळी, पावसाळ्यातल्या पालेभाज्या, तीळ, डाळी, जमेल तेव्हा अंडे. सुकी मासळी खारवलेली असेल तर धुऊन घ्या, कारण याच वयात रक्तदाब वाढू लागतो. रात्री वाफा येत असतील तर झोपण्याआधी चहा नको, कपडे सुती ठेवा. वाफा फारच असतील तर औषधे आहेत, पण ती डॉक्टरांनी तपासूनच द्यायची असतात, दुकानातून मागून घ्यायची नाहीत. आणि मिश्री. आम्ही हे प्रत्येक अंकात लिहितो म्हणून काही जणी हसतात. हसा, पण मिश्री सोडा. तोंडाचा कॅन्सर तिने होतो.

मनाचे काय? मुले मुंबई-पुण्याला गेलेली, सासू अंथरुणाला, नवरा कारखान्यात किंवा घरीच बसलेला. आयुष्यभर दुसऱ्यांचे केले, आता माझे काय, हा प्रश्न याच वयात पडतो. थेरीगाथेतल्या सोणा थेरी दहा मुलांची आई होत्या, म्हातारपणी संघात आल्या आणि अर्हत झाल्या. आपल्या वाड्यांतही पाहा, बचत गटाचा हिशेब ठेवणारी, महिला मंडळ चालवणारी, नातवाच्या पुस्तकातून अक्षरे गिरवून मग विहारात ग्रंथाचे पान वाचणारी बाई बहुधा पंचेचाळीस-पन्नाशीची असते. मात्र दोन आठवड्यांहून जास्त दिवस मन उदास राहिले, जेवण-झोप उडाली, जिवाचे बरेवाईट करावेसे वाटले, तर तो आजार आहे. तेव्हा “खंबीर हो” म्हणून भागत नाही, डॉक्टर लागतो.

तीस वर्षांवरील सर्वांची रक्तदाब, साखर, तोंड, आणि बायांची स्तन व गर्भपिशवीच्या तोंडाची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांत मोफत होते. आपल्या आशाताईंना तपासणीचा दिवस विचारा. महाड आणि पोलादपूरला ग्रामीण रुग्णालये आहेत, पुढच्या उपचाराला अलिबागचे जिल्हा रुग्णालय. मोठे ऑपरेशन सांगितले तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेबद्दल तिथल्या आरोग्यमित्रांकडे चौकशी करा. रेशन कार्ड, आधार आणि जुने सगळे कागद पिशवीत घ्या. शेवटची पाळी कधी आली, महिन्यात किती दिवस आणि किती गेली, हे चार महिने कॅलेंडरवर खूण करून ठेवले असेल तर डॉक्टरांचे निम्मे काम होते. एसटीत बायांना अर्धे तिकीट आहे, तेव्हा एकटी जाऊ नका, शेजारणीला सोबत घ्या. बहुधा तिलाही दाखवायचे असते.