‘शक्ती’ची पहिली ध्वनिमुद्रिका

न्यूयॉर्क राज्यातील लाँग आयलंडवरच्या साउदॅम्प्टन कॉलेजात ५ जुलै १९७५ रोजी ‘शक्ती’ या गटाच्या पाच वादकांची मैफल झाली. तिचे ध्वनिमुद्रण पुढच्या वर्षी कोलंबिया कंपनीने ‘शक्ती विथ जॉन मॅक्लॉफ्लिन’ या नावाने प्रसिद्ध केले. गिटारवर इंग्लंडचे मॅक्लॉफ्लिन, व्हायोलिनवर एल. शंकर, तबल्यावर मुंबईचे झाकीर हुसेन, घटमवर टी. एच. विक्कू विनायकराम आणि मृदंगमवर आर. राघवन. ड्रम नाहीत, कीबोर्ड नाही, विजेवर चालणारी गिटारही नाही.

भारतीय आणि पाश्चात्त्य संगीताची गाठ घालण्याचे प्रयत्न त्याआधी निदान दहा वर्षे चालू होते. बीटल्सच्या गाण्यात १९६५ साली सतार आली, पण ती गाण्याला रंग देण्यापुरती. कलकत्त्याचे जॉन मेयर आणि जमैकाचे सॅक्सोफोनवादक जो हॅरियट यांनी लंडनमध्ये भारतीय वाद्ये आणि जॅझचा ताफा एकत्र बसवला. त्यांचा ‘इंडो-जॅझ सूट’ हा मोठा टप्पा होता.

मॅक्लॉफ्लिन जॅझ ट्रंपेटवादक माइल्स डेव्हिसच्या ध्वनिमुद्रणांतून नावारूपाला आले होते. १९७१ साली त्यांनी उभारलेला ‘महाविष्णू ऑर्केस्ट्रा’ हा गट त्याच्या कर्णभेदी आवाजासाठी आणि वेगासाठी गाजला. तो सोडून जमिनीवर बसून वाजवायला येण्यामागे काही वर्षांची तालीम होती. अमेरिकेतील वेस्लियन विद्यापीठात ते डॉ. एस. रामनाथन यांच्याकडे वीणा शिकले. शंकरही तिथेच शिकत होते.

गिटारचे पडदे मात्र आड येत होते. वीणेवर तार खेचून एका पडद्यावरून पुढचे स्वर काढता येतात, म्हणून कर्नाटक संगीतातली गमके तिच्यावर सहज उतरतात. गिटारवर तेवढी मुभा नसते. ‘शक्ती’च्या काळात गिब्सन कंपनीतले कारागीर एब वेक्टर यांनी मॅक्लॉफ्लिनसाठी वेगळी गिटार घडवली. नेहमीच्या सहा तारांखाली ध्वनिछिद्रावरून तिरक्या जाणाऱ्या सात तारा बसवल्या. त्या सतारीच्या तरफांसारख्या झंकारतात, शिवाय बोटाने छेडताही येतात. पुढे पडद्यांमधली लाकडी पट्टी कोरून खोलगट केल्यावर तार दाबून आणि ओढून मींड घेणेही सोपे झाले.

ध्वनिमुद्रिकेत तीनच रचना आहेत. ‘जॉय’ सुमारे १८ मिनिटांची. तिच्यात गिटार आणि व्हायोलिन अतिजलद स्वरवाक्ये एका दमात जोडीने वाजवतात, मग एकेकाची उपज सुरू होते. ‘लोटस फीट’ पाच मिनिटांच्या आतली, संथ आणि सुरेल; नव्या श्रोत्याने इथूनच सुरुवात करावी. तिसरी रचना लांबलचक नावाची आणि जवळजवळ अर्ध्या तासाची आहे.

या ध्वनिमुद्रिकेला पूर्व-पश्चिम संगम म्हटले जाते. तिच्यातली अधिक अवघड भेट मात्र भारतातल्या भारतातच झालेली आहे. तबला हिंदुस्थानी परंपरेतला, घटम आणि मृदंगम कर्नाटक संगीतातले. दोन्हींचे ताल मोजण्याचे रिवाज वेगळे, बोल वेगळे. तबल्याची तिहाई (तीनदा वाजवून समेवर येणारा तुकडा) आणि दक्षिणेचे कोर्वै (तसाच समारोपाचा तुकडा) एकाच समेवर आणायचे, तर दोघांनाही समोरच्याचे गणित मनात चालवावे लागते. विनायकराम मातीचा घट पोटाशी धरून त्याच्या तोंडाची उघडझाप करत खोल नाद काढतात, झाकीर हुसेन बाँयाच्या (डग्ग्याच्या) घुमाऱ्याने त्याला उत्तर देतात. जॅझने इथे दिली ती मोकळीक: मुख्य वादक आणि साथीदार ही उतरंड मोडली आणि तालवाद्यांना बरोबरीचा वाटा मिळाला. जॅझची बदलती स्वरसंगती बहुतांशी बाजूला राहिली. आधार षड्जाचाच आहे.

राघवन यानंतरच्या ध्वनिमुद्रिकांत नव्हते. चौघांनी ‘अ हँडफुल ऑफ ब्यूटी’ (१९७६) आणि ‘नॅचरल एलिमेंट्स’ (१९७७) केल्या आणि लवकरच गट थांबला. १९९७ साली मॅक्लॉफ्लिन आणि झाकीर हुसेन यांनी ‘रिमेंबर शक्ती’ या नावाने तो पुन्हा बांधला. त्यात नंतर मॅंडोलिनवादक यू. श्रीनिवास, विनायकराम यांचे पुत्र व्ही. सेल्वगणेश आणि पुढे गायक शंकर महादेवन आले. २०२३ च्या ‘धिस मोमेंट’ या ‘शक्ती’च्या ध्वनिमुद्रिकेला पुढच्या वर्षी ग्रॅमी पुरस्कार मिळाला. झाकीर हुसेन यांचे १५ डिसेंबर २०२४ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत निधन झाले.