गप्पांना सभेचा मान

हरसूल हे नाशिक जिल्ह्याच्या पश्चिम टोकाचे गाव. तालुका त्र्यंबकेश्वर, एका अंगाला पेठ, दुसऱ्या अंगाला पालघरमधले जव्हार-मोखाडा, आणि गुजरातची हद्दही जवळच. आसपास कोकणा, वारली, महादेव कोळी समाजाचे पाडे डोंगरउतारांवर विखुरलेले आहेत. भात, नागली, वरई ही पिके. पावसाळ्यात धो धो पाऊस आणि उन्हाळ्यात हंड्याहंड्यासाठी पायपीट. या भागाच्या सार्वजनिक जीवनावर लिहायला बसले की लेखणी योजना, अनुदाने आणि आमदार-खासदारांच्या नावांकडे वळते. या लेखात पाहायचे आहे ते त्याच्याही अगोदरचे: चार मित्र, चार शेजारी एकत्र बसतात आणि भाताचा भाव, कुणाच्या लग्नातली फजिती आणि येऊ घातलेली निवडणूक असे सगळे एकाच बैठकीत बोलून घेतात, ती गोष्ट. अशा सैल, मिसळलेल्या गप्पा ही लोकशाहीची पहिली सभा आहे, आणि जगणे, मौज व राजकारण यांची ती सरमिसळ हेच तिचे बळ आहे, असे माझे म्हणणे आहे. तिच्यातून राजकारण वेगळे काढून पुढाऱ्यांच्या हवाली केले आणि मौज वेगळी काढून पडद्याच्या हवाली केली, की दोन्ही निकृष्ट होतात.

पहिला पुरावा हरसूलच्याच इतिहासात आहे. इंग्रजी अमदानीत हा मुलूख पेठ संस्थानात होता. ते संस्थान १८७८ साली खालसा झाले. त्याआधी, १८५७ च्या डिसेंबरात, पेठ भागातल्या कोळ्यांनी उठाव करून हरसूलचा बाजार लुटला. संस्थानावर हक्क सांगणाऱ्या भगवंतरावांना आणि त्यांच्या काही साथीदारांना सरकारने फाशी दिले. जुन्या सरकारी गॅझेटियरात ही हकिगत दंगा आणि बंदोबस्त अशा चौकटीत येते. पण उठाव बाजारातच का झाला, याचा विचार केला पाहिजे. विखुरलेल्या पाड्यांची माणसे एका ठिकाणी येतात ती बाजाराला. मीठ-मिरची घ्यायची, सोयऱ्याची खुशाली विचारायची, सावकाराने कुणाचे काय ओढून नेले ते ऐकायचे, आणि परतताना वाटेवर त्याचीच उजळणी करायची. तार नव्हती, छापखाना नव्हता, आणि डोंगरातल्या माणसाला वाचताही येत नव्हते. तरी असंतोषाला आकार आला. तो अशा बोलण्यातूनच आला असणार, दुसरा मार्गच नव्हता. राज्यकर्त्यांना हे चांगले कळते. इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्स राजाने १६७५ च्या डिसेंबरात राज्यातली कॉफीगृहे बंद करण्याचा हुकूम काढला तो याच धास्तीने, आणि लोकांचा रोष पाहून काही दिवसांतच तो मागे घेतला. आपल्याकडे असा हुकूम काढण्याची वेळच आली नाही, कारण बाजारातल्या बोलण्याला कुणी बोलणे समजलेच नाही.

दुसरा पुरावा बोहाड्याचा. होळीच्या आगेमागे आणि त्यानंतरच्या दिवसांत त्र्यंबक, पेठ, सुरगाणा, जव्हार, मोखाडा या पट्ट्यात मुखवट्यांची सोंगे नाचतात. आधी गणपती, सरस्वती. मग रामायण-महाभारतातली पात्रे, राक्षस, नरसिंह. शेवटी देवी आणि महिषासुराचे युद्ध. संबळ आणि पिपाणीच्या तालावर हे रात्र रात्र चालते. ठरावीक सोंग ठरावीक घराण्याने नाचवायचे, त्या मुखवट्याची निगा त्याच घराने राखायची, अशी परंपरा अनेक गावी आहे. अभ्यासक मुखवट्यांच्या रंगावर आणि लाकडावर लिहितात, ते योग्यच आहे. माझे लक्ष मात्र जास्त जाते ते दोन सोंगांच्या मधल्या वेळाकडे. बोहाड्याला लेकी-जावई येतात, लांबच्या पाड्यांवरचे सोयरे येतात, आणि एक सोंग गेल्यावर दुसरे येईपर्यंत सगळे बोलत बसतात. गावाच्या वर्गणीचा हिशेब, कुठल्या घराने यंदा आपले सोंग का काढले नाही, वनपट्ट्याची मोजणी कुठवर आली, हे सारे त्या मोकळ्या वेळात निघते. उत्सव बसवायचा म्हणजे गावाला आधी एकत्र बसावे लागते, पैसा जमवावा लागतो, रुसव्याफुगव्यांची समजूत काढावी लागते. पंचायत राजच्या भाषेत या कामाला कारभार म्हणतात. तेच काम मौजेच्या निमित्ताने होत असल्यामुळे त्याला कुणी कारभार म्हणत नाही, एवढेच.

नाशिक शहराकडे वळले की याच गोष्टीचे नागर रूप दिसते, आणि तिचा धोकाही दिसतो. १९०० च्या सुमारास नाशिकच्या तरुणांनी मित्रमेळा काढला. विनायक दामोदर सावरकर, त्यांचे थोरले बंधू बाबाराव आणि त्यांचे सोबती त्यात होते. दर आठवड्याला बैठक, वाचन, वाद. गणेशोत्सवात आणि शिवजयंतीला पदे आणि पोवाडे, त्यांत कवी गोविंदांची रचना. हे उघडे अंग. आतले अंग शपथबद्ध गुप्त मंडळाचे. १९०४ साली याचेच अभिनव भारत झाले, आणि २१ डिसेंबर १९०९ च्या रात्री नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात ‘शारदा’ नाटकाच्या प्रसंगी अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनचा वध केला. त्या तरुणांचे धैर्य आणि त्यांनी भोगलेल्या शिक्षा यांविषयी आदर ठेवूनही एक निरीक्षण नोंदवावेसे वाटते. गाणी आणि वादविवाद यांनी बांधलेल्या मित्रमंडळात ‘मला हे पटत नाही’ म्हणून एखादा उठून जाऊ शकतो आणि पुढच्या आठवड्याला परत येऊ शकतो. शपथेच्या मंडळात ही सोय नसते. अर्थात बंद दाराची निवड फक्त त्या तरुणांची नव्हती. गुप्त मंडळ आधीचे असले, तरी १९०७ साली राजद्रोही सभाबंदीचा कायदा आला, आणि जॅक्सनच्या वधानंतर १९१० चा मुद्रणकायदा आला. सरकारनेही उघड्या बोलण्याच्या वाटा अडवल्या. उघड्यावर बोलू दिले नाही तर मैत्रीचे बळ कुठे वळते, याचे नाशिकइतके स्पष्ट उदाहरण महाराष्ट्रात क्वचितच सापडेल.

त्याच नाशकात २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला आणि त्याच्या धगीतून आंबेडकरी जलसा उभा राहिला. भीमराव कर्डक आणि नाशिकच्या युवक संघातले त्यांचे सहकारी यांनी तमाशाचाच घाट घेतला, त्यातला विनोद घेतला, आणि शिक्षण, अस्पृश्यता, सावकारी, बाबासाहेबांचा कार्यक्रम हे विषय त्यात आणले. त्याआधी सत्यशोधकांच्या जलशांनी ही वाट मळली होती. हा प्रयोग मला मित्रमेळ्यापेक्षाही महत्त्वाचा वाटतो. मित्रमेळा शिकलेल्या तरुणांचा होता. जलशाने अक्षरओळख नसलेल्यांनाही वादात ओढले, आणि हसवता हसवता ओढले. राजकारण गंभीर असल्यामुळे त्यात हशा नको, असे मानणाऱ्यांनी कर्डकांची ही कामगिरी पाहावी. जो माणूस आयुष्यभर मान खाली घालून ऐकत आला, तो भाषणापुढेही मान खाली घालूनच बसतो. सगळे एकदम हसले की मान वर होते.

पुण्या-मुंबईची उदाहरणे वाचकांच्या परिचयाची असल्याने थोडक्यात सांगतो. १९२३ चे रविकिरण मंडळ चहाच्या बैठकीतून वाढले. त्याने कविता घरोघर नेली, राजकारणापासून मात्र ते बहुधा दूर राहिले. १९५५ च्या ‘शब्द’पासून सुरू झालेली अनियतकालिके म्हणजे मित्रांनी खिशातले पैसे घालून काढलेली चक्रमुद्रित पाने, मराठी साहित्याची भाषाच त्यांनी हलवली. आणि १९७२ ची दलित पँथर ही नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार अशा लिहित्या मित्रांच्या उठबशीतून, वडाळ्याच्या सिद्धार्थ विहार वसतिगृहातल्या रात्रींतून आकाराला आली. पँथरला आपण चळवळ म्हणतो आणि त्या रात्रींना गप्पा म्हणतो. त्या रात्री वजा केल्या तर चळवळीत काय उरेल?

आता आक्षेप. पहिला नेहमीचा: गप्पा हा रिकामपणाचा उद्योग आहे, गरिबाला तो परवडत नाही. हरसूल परिसरातून दिवाळीनंतर माणसे दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांवर कामाला जातात. गिरणाऱ्याच्या नाक्यावर सकाळी मजुरांचा बाजारच भरतो. रिकामपण त्यांच्या वाट्याला येतच नाही, हे खरे. पण नाक्यावर ट्रॅक्टर येईपर्यंतचा तो अर्धा तास कशात जातो? कुठल्या मळ्यावर मजुरी वेळेवर मिळते, कोण बुडवतो, कुणाची खोली गळते, आणि त्याला जोडून एखादी थट्टा. मजुराची संघटना जर कुठे असेल तर ती त्या अर्ध्या तासात आहे. ६ ते १२ मार्च २०१८ या काळात किसान सभेचा मोर्चा नाशिकहून मुंबईपर्यंत सुमारे १८० किलोमीटर चालत गेला. त्यात सुरगाणा, पेठ, दिंडोरी, त्र्यंबक भागातले आदिवासी मोठ्या संख्येने होते, आणि वनजमिनीचे पट्टे ही त्यांची मुख्य मागणी होती. दहावीच्या परीक्षार्थींना त्रास नको म्हणून शेवटचा टप्पा त्यांनी रात्रीतून चालून काढला. एवढ्या माणसांनी असा निर्णय घेणे आणि पाळणे केवळ वरच्या आदेशाने होत नाही. एकमेकांशी बोलायची आणि एकमेकांचे ऐकायची सवय त्यामागे असावी लागते.

दुसरा आक्षेप जास्त जड आहे. गप्पांतूनच अफवा पसरते, आणि अफवेतून जमाव. जुलै २०१५ मध्ये खुद्द हरसूलमध्ये एका तरुणाच्या मृत्यूवरून संताप उसळला, घरे-दुकाने जाळली गेली, पोलिसांनी गोळीबार केला, जीव गेला. या घटनेला वळसा घालून हरसूलच्या गप्पांचे गुणगान करणे खोटेपणाचे होईल. तरीही अफवा आणि गप्पा यांत मला मूलभूत फरक दिसतो. गप्पांत सांगणारा समोर बसलेला असतो. ‘तुला कोणी सांगितलं? तू पाहिलंस का?’ असे त्याला विचारता येते, आणि उद्याही त्याला त्याच बैठकीत बसायचे असते. अफवेला बसणे ठाऊक नसते. ती पुढे पाठवली जाते आणि पाठवणारा मोकळा होतो. हातातल्या मोबाइलने तिचा वेग आणखी वाढवला आहे. मात्र एवढ्याने आक्षेप पूर्ण सुटत नाही. बाजारपेठेतला दुकानदार आणि पाड्यावरचा शेतकरी पिढ्यान् पिढ्या तराजूच्या दोन बाजूंना भेटत आले. एका सतरंजीवर बसायचा प्रसंग त्यांना किती वेळा आला? समाजासमाजांनी आपापली वर्तुळे करून मारलेल्या गप्पा दंगल थांबवू शकत नाहीत. त्या वर्तुळात परका माणूस बसलेला हवा, आणि त्याच्यादेखत आपल्याला जीभ आवरावी लागली पाहिजे. उपाय गप्पा कमी करण्यात नाही, वर्तुळ मोठे करण्यात आहे.

तिसरा आक्षेप बायकांचा, आणि तो मला पूर्ण मान्य आहे. पार, कट्टा, चहाची टपरी या पुरुषांच्या जागा राहिल्या. बायकांच्या गप्पा पाणवठ्यावर, लावणीच्या चिखलात, सरपणाच्या वाटेवर झाल्या, आणि त्यांची दखल कुणी घेतली नाही. त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या शेंद्रीपाड्याच्या बायका खोल दरीतली तास नदी लाकडी बल्ल्यांवरून ओलांडून पाणी आणत. वर्षानुवर्षे त्या आपसांत याविषयी बोलत असणारच. पण सरकार हलले ते त्यांची छायाचित्रे सर्वत्र झळकल्यावर, जानेवारी २०२२ मध्ये. मंत्री आले, लोखंडी पूल झाला; आणि त्याच वर्षीच्या पावसाळ्यात तो पुराच्या पाण्यात वाहून गेला. नदी आषाढात कुठवर चढते, हे ज्यांना रोजच्या चालीतून ठाऊक, त्यांचे बोलणे नकाशावर येण्याची वाट आपल्या कारभारात नाही. छायाचित्राने कणव मिळते, ती क्षणाची असते. बोलणाऱ्या बाईला अधिकार मिळाला तर तिचे ज्ञान टिकाऊ कामात उतरते.

कायद्याने ही वाट खरे तर उघडली आहे. २४ डिसेंबर १९९६ चा पेसा कायदा आणि महाराष्ट्राने २०१४ साली केलेले त्याचे नियम अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला मोठे स्थान देतात. पाड्यालाही स्वतःचे गाव म्हणून मान्यता घेऊन आपली ग्रामसभा भरवता येते. २००६ च्या वनहक्क कायद्यातही दाव्याची सुरुवात ग्रामसभेपासूनच होते. म्हणजे पाड्यावर बोलत बसणाऱ्या माणसांनाच कायद्याने सभा म्हटले आहे. प्रत्यक्षात काय होते, ते ग्रामीण वाचकाला सांगायला नको. सभा भर दुपारी, मजुरीच्या वेळी. विषयपत्रिका कार्यालयीन मराठीत. बोलणारा एक, सही करणारे अनेक. लोक येत नाहीत म्हणून त्यांना बेफिकीर म्हटले जाते. हीच माणसे बोहाड्याला रात्र रात्र जागतात आणि नाक्यावर मजुरीचा भाव पैशापैशापर्यंत घासतात. त्यांना बोलायचा कंटाळा नाही, त्या रीतीचा आहे.

म्हणून मागणी साधी आहे. पाड्यावरची ग्रामसभा संध्याकाळी भरावी, लोकांच्या बोलीत चालावी, आणि ठरावाआधी बोलायला भरपूर वेळ ठेवावा. बायकांची सभा ही मुख्य सभेआधीची औपचारिकता न राहता तिचे म्हणणे इतिवृत्तात शब्दशः उतरावे. हरसूल, पेठ, सुरगाण्याच्या शाळा-महाविद्यालयांतल्या मुलामुलींनी आपापल्या पाड्याच्या गप्पा लिहून ठेवाव्यात; शंभर पानी वहीची हस्तलिखिते आपल्याकडे पूर्वी निघत, आताही निघू शकतात. आणि हा लेख वाचणाऱ्या शहरी वाचकाला विनंती: यंदाच्या दिवाळीत मित्र जमतील तेव्हा ‘राजकारण नको रे’ असे म्हणून विषय तोडू नका, आणि त्या बैठकीत आपल्या जातीचा, धर्माचा, मताचा नसलेला एक तरी माणूस आवर्जून बोलवा.