सातपुड्यातली बंडं : १८१८ ते १९३०

पांढुर्णा-सौंसरकडची माणसं नागपंचमीच्या सुमारास ज्या महादेवाच्या डोंगरांत नागद्वारीच्या यात्रेला जातात, त्याच डोंगरांनी सरकारशी वैर घेतलेल्यांना पिढ्यान्‌पिढ्या आसरा दिला.

नोव्हेंबर १८१७ मध्ये नागपूरचे राजे आप्पासाहेब भोसले सीताबर्डीची लढाई हरले. इंग्रजांनी त्यांना गादीवर ठेवलं खरं, पण नर्मदेकडचा मुलूख तोडून घेतला. मार्चमध्ये तर त्यांना कैदच केलं. अलाहाबादेकडे नेताना, मे १८१८ मध्ये, त्यांनी पहाऱ्यावरचे शिपाई फितवले. बिछान्यावर उशी, अंगात शिपायाचा पोशाख, आणि राजा रातोरात पसार. हर्रईचा गोंड जागीरदार चैनशहा याने त्यांना थारा दिला. गोंड-कोरकू जागीरदार उठले, अरब शिपाई येऊन मिळाले. जुलैत बैतुलहून निघालेला इंग्रजांचा कॅप्टन स्पार्क्स जवळजवळ सगळ्या तुकडीसह कापला गेला आणि पांढुर्ण्याशेजारचं मुलताई बंडवाल्यांच्या हाती पडलं.

याला नुसती स्वामिनिष्ठा म्हणणं हा त्या डोंगरी माणसांवर अन्याय आहे. राजाला गादी हवी होती, अरबांची चाकरी गेली होती, आणि जागीरदारांना घाटवाटांवरची वसुली नि जंगल आपल्याच हाती राहायला हवं होतं. गाऱ्हाणी वेगवेगळी, वैरी एक. म्हणून बंड पेटलं. आप्पासाहेब १८१९ मध्ये असीरगडाकडे निसटले आणि १८४० मध्ये जोधपुरात वारले. जागीरदारांचं गाऱ्हाणं मात्र जिथल्या तिथे राहिलं.

१८५४ मध्ये नागपूरचं राज्य खालसा झालं. चारच वर्षांनी सत्तावनच्या उठावातले तात्या टोपे नर्मदा ओलांडून याच डोंगरांतून मुलताईला पोहोचले, तेव्हा भोसल्यांचं नागपूर उठेल अशी आशा त्यांना होती. नागपूर उठलं नाही. भोसले घराण्यातल्या बांकाबाईंनी इंग्रजांची बाजू धरली होती, आणि राज्य गेल्याची सल एकटी कुणाला घराबाहेर काढू शकली नाही. तात्यांना पश्चिमेकडे वळावं लागलं.

कोरकू जागीरदार भभूतसिंह मात्र लढत राहिला. त्याचे आजोबा मोहनसिंह आप्पासाहेबांच्या बाजूने उभे राहिले होते. १८६० मध्ये जबलपुरात भभूतसिंहाला देहान्ताची शिक्षा झाली, त्याचा इलाखा जप्त झाला. बोरीचं सागवानी जंगल त्याच मुलखातलं. १८६५ मध्ये ते सरकारने राखीव केलं. देशातल्या सुरुवातीच्या राखीव जंगलांपैकी ते एक.

पुढे जंगल कायदा घराघरात शिरला. गुरं चारायची तर पैसे, लाकूड आणायचं तर परवाना, डाह्याची, म्हणजे जंगल तोडून-जाळून केलेली फिरती शेती बंद. राजा कोण, हा प्रश्न ज्यांना कधी पडला नव्हता, त्यांनाही आता सरकार रोज दारात दिसू लागलं.

१९३० च्या जंगल सत्याग्रहात ही माणसं पुन्हा बाहेर पडली. बैतुल जिल्ह्यात बंजारीढाल इथे गंजनसिंह कोरकूंच्या पुढारपणाखाली जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. इकडे सौंसर तालुक्यात रामाकोन्याला आदिवासी पुढारी बादल भोईंनी जंगल कायदा मोडला आणि अटक करून घेतली. १९४० मध्ये चांद्याच्या तुरुंगात त्यांचा मृत्यू झाला. छिंदवाड्याच्या आदिवासी संग्रहालयाला आज त्यांचं नाव आहे.