पहिली एमटीबी घेताय? शॉकअपचे पैसे वाचवा

जळगाव-धुळ्याच्या मित्रांनो, बजेट 15 हजारांच्या आत असेल, तर पुढे-मागे शॉकअप असलेल्या सायकलच्या मोहात पडू नका. या किमतीच्या शॉकअपमध्ये बहुधा नुसती स्प्रिंग असते. तिची उसळी आवरणारी तेलाची यंत्रणा नसते. चढावर उभं राहून पायडल मारलं, की काही जोर स्प्रिंग दाबण्यातच जातो, शिवाय वजन वाढतं. त्यापेक्षा साधा फोर्क, दोन इंचांहून रुंद टायर आणि मापाची फ्रेम घ्या. सायकल दोन्ही पायांत घेऊन उभं राहिल्यावर वरच्या दांड्याच्या वर किमान दोन इंच मोकळी जागा राहिली पाहिजे.

'मग लळिंगच्या किंवा पालच्या खडकाळ वाटेवर हात भरून येणार नाहीत का?' थोडे येतील. पण रुंद टायरमध्ये हवा जरा कमी ठेवली, की बारीक खडीचे हादरे टायरच झेलतं. आपल्या शेतरस्त्यांवर खरा त्रास बाभळीच्या काट्यांचा, त्यावर उपाय ट्यूबमधलं सीलंट. पावसाळ्यात काळी माती रिमला चिकटते, म्हणून मेकॅनिकल डिस्क ब्रेक बरे. '21 गिअर तरी हवेतच ना?' त्यातल्या कितीतरी जोड्या जवळपास सारख्याच पडतात. सातपुड्याच्या चढावर सर्वांत हलका गिअर किती हलका आहे, हेच महत्त्वाचं. मागचं सगळ्यात मोठं दातेरी चाक किती दात्यांचं आहे, ते मोजून बघा; दाते जितके जास्त, तितका गिअर हलका. वाचलेल्या पैशांत हेल्मेट, पंप आणि पंक्चरचं सामान नक्की घ्या.